एरबॉट की ह्यूबॉट? पहिली पुल रिक्वेस्ट कुठे पाठवावी

चॅटबॉटच्या एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पात कोड द्यायचा आहे, पण पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी विनंती) कुठे पाठवावी ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितोय. एरबॉट आणि ह्यूबॉट हे असे दोन चॅटबॉट, पहिला पायथॉनमधला, दुसरा जावास्क्रिप्टमधला. पायथॉन येत असेल तर एरबॉट घ्या. कामात रोज जावास्क्रिप्टच असेल तरच ह्यूबॉटकडे वळा.

दोन्ही बॉट घरच्या लॅपटॉपवर टर्मिनलमध्येच चालतात. स्लॅकसारख्या चॅट-सेवेचं खातं नको, तिथे शिरायला लागणारं टोकन नको. नवख्यासाठी ही फार मोठी सोय आहे, कारण पहिल्या दिवशीचा उत्साह परवानग्या मिळवण्यातच संपतो. चाचण्यांच्या बाबतीत मात्र एरबॉट पुढे आहे. पायटेस्ट या पायथॉनच्या चाचणी-साधनासाठी ‘टेस्टबॉट’ त्याच्यासोबतच मिळतो: बॉटला संदेश पाठवायचा, उत्तर काढून घ्यायचं आणि तपासायचं. ह्यूबॉटच्या स्क्रिप्टसाठी अशी मदत वेगळ्या पॅकेजमधून आणावी लागते.

ह्यूबॉट गिटहबने स्वतःच्या चॅटरूमसाठी बनवला आणि 2011 मध्ये खुला केला. तेव्हा तो कॉफीस्क्रिप्टमध्ये होता, नंतर जावास्क्रिप्टमध्ये आला. जुनी उदाहरणं अजून सगळीकडे सापडतात, ती उतरवून घेण्याआधी भाषा बघा. नवी सुविधा इथे बहुतेक वेळा स्वतंत्र एनपीएम (जावास्क्रिप्टचं पॅकेज-भांडार) पॅकेज म्हणून येते. म्हणजे तुम्ही एकदम मेंटेनर, म्हणजे तो कोड सांभाळणारे, होता, पण कोड तपासून चुका दाखवणारं अनुभवी माणूस मिळेलच असं नाही. आणि शिकायला तेच तर हवं असतं! एरबॉटची प्लगिनंही वेगळ्या रिपॉझिटरीत राहू शकतात. म्हणून सुरुवातीला एरबॉटच्या मुख्य कोडमधलाच एखादा छोटा इश्यू (नोंदवलेली अडचण) उचला.

मराठी माणसाने दोन्हीकडे एक गोष्ट जरूर करून पाहावी. रेग्युलर एक्स्प्रेशनवर (मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रावर) चालणाऱ्या आज्ञेला देवनागरी मजकूर द्या. पायथॉनच्या नेहमीच्या ‘आरई’ मोड्यूलमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू (‘शब्दातलं कुठलंही अक्षर’ शोधणारी खूण) मात्रा-उकारांना अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘पुणे’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे होतात. जावास्क्रिप्टमध्ये तर बॅकस्लॅश-डब्ल्यूला देवनागरीचं एकही अक्षर जुळत नाही. तिथे यू-फ्लॅग (युनिकोड चालू करणारी खूण) लावून युनिकोडमधली अक्षरं आणि चिन्हं दोन्ही स्पष्ट सांगावी लागतात. इंग्रजीतच बॉट वापरणाऱ्याच्या हे कधी लक्षातही येणार नाही. एखाद्या प्लगिनमध्ये ही चूक सापडली, तर आधी ‘पुणे’ घालून नापास होणारी चाचणी लिहा, मग दुरुस्ती करा आणि दोन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये पाठवा. मेंटेनरला मराठी येत नसली तरी नापास चाचणी त्याला वाचता येते.

परवान्याचंही आधीच ठरवा. ह्यूबॉट एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आहे, तुमचा कोड कुणी बंद सॉफ्टवेअरमध्येही वापरू शकतं. एरबॉटचा परवाना जीपीएल 3 आहे. त्यात बदल करून जो तो इतरांना देईल, त्याने सोर्सही द्यायला हवा. मला दुसरी अट जवळची वाटते. नोकरीत असाल तर मात्र पहिली ओळ लिहिण्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्या.