बॉस्टनची पायी टूर: ॲन हचिन्सनला दोन मिनिटं (५ पैकी ३ तारे)

गेल्या महिन्यात लेकीकडे बॉस्टनला होते. ती कामावर गेली की मी मोकळीच, म्हणून 'फ्रीडम ट्रेल'वरची, म्हणजे शहरातल्या ऐतिहासिक जागा जोडणाऱ्या वाटेवरची, दीड तासाची पायी टूर घेतली. फुटपाथवर लाल विटांची रेघ आहे, तिच्यावरून चालत राहायचं. मी तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होते. हे आधीच सांगते, कारण पुढची तक्रार तिथूनच आली आहे.

गाईड मुलगा गोड होता. जुन्या पद्धतीचा कोट, तिकोनी टोपी, आवाज खणखणीत. माझे गुडघे बघून चढावर आपणहून थांबायचा. समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्या, स्वातंत्र्ययुद्धातला पॉल रिव्हिअर, सगळं रंगवून सांगितलं. टॉयलेटला मात्र निघतानाच जाऊन या.

मी मात्र ॲन हचिन्सनसाठी आले होते. स्टेट हाऊससमोर, म्हणजे मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधिमंडळासमोर, तिचा १९२२ चा पुतळा आहे: छातीशी बायबल, बाजूला बिलगलेली मुलगी, नजर वर. गाईड म्हणाला, "ही पाद्र्यांच्या विरोधात बोलली, हिला हाकललं." आणि निघालोच!

अरे बाबा, पण ती सुईण होती! पंधरा लेकरांची आई. १६३४ साली इंग्लंडहून आली ती जॉन कॉटन या पाद्र्याच्या मागोमाग. बायकांच्या बाळंतपणाला जायची, तिथेच देवाधर्माच्या गोष्टी निघायच्या. मग घरी दर आठवड्याला बैठक सुरू झाली. आधी बायका, मग पुरुषही, साठ-साठ माणसं. देवाची कृपा चांगलं वागून कमावता येत नाही, आणि इथले बहुतेक पाद्री नेमकं उलटं शिकवतात, असं ती सांगायची. इथल्या इंग्रज वसाहतीचा गव्हर्नर विन्थ्रॉप समोरच राहायचा, त्याला रोज दिसत असणार कोण येतं, कोण जातं.

नोव्हेंबर १६३७ मध्ये खटला चालला तो बॉस्टनमध्ये नाही, नदीपलीकडे न्यूटाउनला, कारण बॉस्टनचे बरेच लोक तिच्या बाजूने होते. मी कोणता कायदा मोडला, असं तिने विचारलं. विन्थ्रॉपने आई-वडिलांचा मान राखण्याची आज्ञा पुढे केली, म्हणजे सत्ताधारी हेच आई-बाप! हद्दपारी झाली. तिच्या बाजूच्या ७५ पुरुषांकडून हत्यारंही काढून घेतली.

आणि जे मला टूरमध्ये हवंच होतं, ते हे. खटल्याच्या आदल्याच महिन्यात, ऑक्टोबरात, ॲनची मैत्रीण मेरी डायर हिला मेलेलं, व्यंग असलेलं मूल झालं. ॲन बाळंतपणाला हजर होती. मूल गुपचूप पुरलं, तसा सल्ला कॉटननेच दिला होता. मार्चमध्ये विन्थ्रॉपने ते उकरून काढलं आणि राक्षस म्हणून त्याचं वर्णन लिहून ठेवलं. डोक्याची कवटीच न झालेली अशी बाळं मी हातात घेतली आहेत. आईला काय सांगायचं याला शब्द नसतात, आणि हा माणूस फावडं घेऊन गेला. पुढे हद्दपारीनंतर ऱ्होड आयलंडला ॲनचाही गर्भ बिघडला, आजचे डॉक्टर त्याला द्राक्षगर्भ मानतात, म्हणजे बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखे फोड वाढतात. पाद्र्यांनी त्यालाही देवाची शिक्षाच म्हटलं. चर्चमधून तिला काढलं तेव्हा मेरी डायर तिचा हात धरून बाहेर पडली होती. पुढे मेरी क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाची झाली, म्हणून १६६० मध्ये तिला याच गावात फाशी दिली. तिचाही पुतळा स्टेट हाऊसच्याच आवारात आहे. गाईडने तिचं नावही घेतलं नाही.

किंग्ज चॅपलच्या स्मशानात विन्थ्रॉप आणि कॉटन दोघांच्या कबरी दाखवल्या, तिथे निवांत दहा मिनिटं. ॲन १६४३ मध्ये आजच्या न्यूयॉर्कच्या बाजूला मुलाबाळांसह हल्ल्यात मारली गेली, वाचली ती एक मुलगी, सुझाना. हद्दपारीचा हुकूम राज्याने मागे घेतला तो थेट १९८७ साली.

तिच्या घराची जागा मात्र टूरमध्ये येते, फक्त कोणी सांगत नाही. स्कूल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १७१८ ची विटांची इमारत आहे, पूर्वी पुस्तकांचं दुकान, आता तिथे मेक्सिकन खाणं मिळतं. मी गाईडला म्हटलं, ही तिच्याच घराची जागा. तो म्हणाला, "मॅम, मला इमारतीचं माहीत होतं, बाईचं नाही." त्याने वहीत लिहून घेतलं. एक तारा त्या वहीचा.