तडा गेलेल्या टाकीसाठी प्लास्टिक वेल्डिंगची हॉट एअर गन : वापरून झाल्यावरचं मत

हजार लिटरच्या टाकीला आउटलेटच्या खाली वीतभर तडा गेला, म्हणून ही 1600 वॉटची हॉट एअर गन घेतली. गन चोख काम करते. सोबतच्या सगळ्याच सामानाबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही.

आधी एक सांगतो, चिकटवाचिकटवीच्या नादी लागू नका. पाण्याच्या बहुतेक टाक्या पॉलिइथिलीनच्या असतात आणि त्यावर इपॉक्सी पुट्टी काय, झटपट सुकणारा गम काय, काहीच नीट धरत नाही. कड सुटली की अख्खा थर हातात येतो. वितळवून एकजीव करणं हाच इलाज.

पॉलिइथिलीन 120-130 अंशांच्या आसपास वितळतं, पण नोझलमधून येणारी हवा त्याहून बरीच गरम लागते. मी 300 अंशांच्या जवळपास ठेवतो आणि या गनमध्ये ते तापमान टिकून राहतं. रंग काढायच्या साध्या हीट गनची हवा पसरते, टाकीची आजूबाजूची भिंत मऊ पडते आणि तड्यावर कोरलेली खाच कच्चीच राहते. इथे खरी कमाल स्पीड नोझलची आहे. रॉड, म्हणजे वितळवून खाचेत भरायची प्लास्टिकची काडी, त्याच्या नळीतून सरकता सरकता तापतो आणि नोझलची टाच त्याला खाचेत दाबत पुढे जाते. वेग जमला की रॉडच्या दोन्ही बाजूंना वितळलेल्या प्लास्टिकची बारीक, चकचकीत किनार उमटते. मी सगळं लक्ष त्या किनारीवर ठेवतो. ती नसेल तर रॉड नुसता वर बसलेला असतो, गार झाल्यावर पकडीने ओढला की सालीसारखा सोलून निघतो. धूर निघाला किंवा रंग करपला तर आच जास्त झाली.

आता तक्रार. सोबत आलेल्या रॉडवर तो कुठल्या प्लास्टिकचा आहे, हे लिहिलेलंच नाही. वेल्डिंगच्या किटमध्ये ही गोष्ट मला अजिबात मान्य नाही, कारण पॉलिप्रॉपिलीनचा रॉड पॉलिइथिलीनला धरत नाही आणि पाण्यात टाकून पाहावं तर दोन्ही तरंगतात. एलएलडीपीई (पॉलिइथिलीनचाच एक प्रकार) असं स्पष्ट लिहिलेले रॉड वेगळे घ्या. पाइप बसवताना टाकीतून कापलेली चकती कुणी जपून ठेवली असेल तर फारच उत्तम, तिच्याच पट्ट्या काढून वापरता येतात.

किटमधली खरवडणी मात्र धारदार आहे, आणि तिच्याशिवाय काम होत नाही. उन्हाने निबर झालेला वरचा थर काढून खालचं ताजं प्लास्टिक दिसेपर्यंत खरवडायचं. त्याआधी तड्याच्या दोन्ही टोकांना ड्रिलने लहान भोक पाडायचं, नाहीतर तडा पुढे पळतो. मग व्ही आकाराची खाच. टाकी पूर्ण कोरडी हवी. हात पोचत असेल तर आतूनही एक थर द्या. सांधा आपोआप गार होऊ द्या, घाईने पाणी ओतू नका.

गन थोडी जड आहे, मनगट भरून येतं. बंद करण्याआधी काही वेळ नुसती गार हवा सोडावी लागते, नाहीतर आतली कॉइल जाते. हे माहितीपत्रकात ठळक छापायला हवं होतं.

नखाने दाबताच तुकडे पडतील इतकी टाकी कुजली असेल तर ही गन घेऊन उपयोग नाही. आणि पेट्रोल-डिझेल ठेवलेल्या टाकीला ती लावूच नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि तिचा भडका उडू शकतो.