आय-टाइप लिहू की प्रोग्राम? मल्टिव्हॅल्यू डिक्शनरीत काय ठेवावं, काय नाही

युनिव्हर्स, युनिडेटा, डी३, ओपनक्यूएम. पिक घराण्यातली, म्हणजे एका फील्डमध्ये अनेक मूल्यं ठेवू देणारी (मल्टिव्हॅल्यू) कुठलीही डेटाबेस प्रणाली हाती आली की हा प्रश्न येतोच: अमुक हिशेब डिक्शनरीत, म्हणजे फाइलीतल्या फील्डांची वर्णनं ठेवणाऱ्या जोड-फाइलीत, आय-टाइप (सूत्राची नोंद) म्हणून लिहायचा की बेसिक भाषेतल्या प्रोग्राममध्ये? त्यात एसक्यूएल डेटाबेसकडून आलेल्यांचा आधीच एक गैरसमज असतो. तिकडे कॉलम आकड्यांचा ठरला की अक्षरं आत शिरत नाहीत. इथल्या साध्या फाइलीत प्रोग्रामने रकमेच्या फील्डमध्ये ‘अबक’ लिहिलं, तरी डिक्शनरी चकार शब्द काढत नाही. साठवलेलं वाचायचं कसं, एवढंच ती सांगते. म्हणून ‘डिक्शनरीत आहे म्हणजे तपासलेलं आहे’ असं धरून चालणं हा तिचा सर्वांत महागात पडणारा गैरवापर. तपासणी प्रोग्राममध्येच हवी.

वाचण्याच्या कामात मात्र तिला तोड नाही. तारीख आत नुसता दिवसांचा आकडा असते, ३१ डिसेंबर १९६७ म्हणजे शून्य. रक्कम बिनदशांशाची: १२५५० साठवलेलं, रिपोर्टवर १२५.५०. एकाच तारखेच्या फील्डवर तीन नावं ठेवा, एक पूर्ण तारखेचं, एक महिन्याचं, एक वर्षाचं. डेटा तोच राहतो आणि हिशेबनीस स्वतःच वर्षवार यादी काढतो. ऑर्डरमधल्या नगांना दराने गुणून येणारी रक्कमही आय-टाइपमध्येच शोभते, कारण नग आणि दर दोन्ही त्याच रेकॉर्डमध्ये आहेत. हाच गुणाकार पाच रिपोर्ट प्रोग्राममध्ये पाच वेळा लिहिण्यात कसलं शहाणपण?

खरी गल्लत ट्रान्स या फंक्शनने दुसऱ्या फाइलीतून माहिती आणताना होते. ग्राहकाचं आजचं नाव हवं असेल तर ट्रान्स उत्तम. फक्त त्याचा शेवटचा कोड, म्हणजे रेकॉर्ड सापडलं नाही तर काय करायचं ते, विचार करून द्या. सगळे सवयीने ‘एक्स’ देतात. ग्राहक सापडला नाही तर रकाना रिकामा राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ‘सी’ दिलात तर सापडला नसलेला ग्राहक क्रमांकच छापला जातो. रिपोर्ट थोडा कुरूप दिसेल, पण अनाथ रेकॉर्ड लगेच नजरेत भरेल. मला तोच बरा वाटतो.

पण दर किंवा कराचा टक्का ट्रान्सने आणू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आय-टाइप जर वस्तूच्या मास्टरमधून टक्का उचलत असेल, तर मास्टर बदलल्याक्षणी जुलैच्या बिलांचा करही रिपोर्टमध्ये १८ टक्क्यांनी दिसू लागेल. कुठेही चूक झाल्याचा संदेश नाही आणि छापील बिलाशी मेळ नाही. व्यवहाराच्या क्षणी जे ठरलं ते प्रोग्रामने त्याच रेकॉर्डमध्ये लिहून ठेवावं. डिक्शनरीने तिथून वाचावं.

ट्रान्स असलेल्या आय-टाइपवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) करण्याचा मोहही असाच. ऑर्डर फाइलीवर ग्राहकाच्या शहराचा इंडेक्स केला आणि ग्राहक नाशिकहून पुण्याला गेला, तर ऑर्डरच्या इंडेक्सला ते कळत नाही. ती ऑर्डर पुन्हा लिहिली जाईपर्यंत तो तिला नाशिकमध्येच शोधेल. असं शहर वरचेवर शोधायचं असेल, तर आधी ग्राहक फाइलीतून निवड करा आणि तिथून ऑर्डरकडे या.

हिशेब गुंतागुंतीचा असेल तर? सवलतीचे टप्पे, थकबाकीचे दिवस वगैरे एका आय-टाइपमध्ये जर-तरच्या साखळीने कोंबलेले मी पाहिले आहेत. सहा महिन्यांनी लिहिणाऱ्यालाही ते उलगडत नाहीत. अशा वेळी सबरूटीन लिहा, प्रोग्रामही तिलाच बोलावू दे आणि आय-टाइपही ‘सबर’ फंक्शनमधून तिलाच. नियम एकाच जागी राहतो. अट एकच: त्या सबरूटीनने काहीही लिहायचं नाही. लिस्ट ही यादी काढायची आज्ञा कुणीही, कितीही वेळा चालवतो; नुसती यादी पाहिल्याने शिल्लक बदलली तर कारण शोधताना दिवस जातील. शिवाय निवडीच्या अटीत ती वापरली तर लाख रेकॉर्डसाठी लाख वेळा चालेल. तिथे एखादं साधं फील्ड आधी गाळणीला लावा.

फील्डचे क्रमांक प्रोग्रामने डिक्शनरीतून घ्यावेत का? घ्यावेत, पण कंपाइल करण्याआधी त्यांची इन्क्लूड फाइल (प्रोग्रामला जोडली जाणारी फाइल) बनवून. चालू प्रोग्रामने दर वेळी डिक्शनरी उघडून क्रमांक विचारला, तर कुणी रिपोर्टच्या सोयीसाठी एक नोंद बदलायची खोटी, लिखाण भलत्याच फील्डमध्ये जाईल.

ओडीबीसीने (इतर प्रोग्राम डेटाबेसला जोडणाऱ्या मानक दुव्याने) बाहेरची साधनं जोडणार असाल तर आधी साफसफाई करा. कोणतं फील्ड एकमूल्य, कोणतं बहुमूल्य, कोणती फील्डं एकाच असोसिएशनमध्ये (जोडीने चालणाऱ्या फील्डांच्या गटात), हे तिथे डिक्शनरीवरूनच ठरतं. नग आणि दर एकत्र बांधलेले नसतील तर ओळी जुळणार नाहीत. वर्षानुवर्षं साचलेल्या ‘टेस्ट१’, ‘नवीनदर२’ अशा नोंदी तिकडे दाखवूच नका.