ट्रकची केबिन शांत करायची: ब्युटाइल शीट की जड व्हिनाइल?

दोन्ही वस्तू 'साउंडप्रूफिंग' याच नावाने विकल्या जातात, पण त्यांचं काम वेगळं आहे. ब्युटाइल शीट, म्हणजे पत्र्याला चिकटवायची रबरी शीट, आवाज अडवत नाही, थरथरणारा पत्रा शांत करते. दारावर बोटाने टकटक करा. डब्यासारखा आवाज आला तर तिथे ती लावायलाच हवी. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. मोठ्या सपाट भागाचा मधला 25 ते 50 टक्के भाग पुरतो. मात्र ग्रीस नीट पुसा आणि रोलर जोर लावून फिरवा, नाहीतर शीट सुटते.

जड व्हिनाइल म्हणजे वजनदार, लवचीक प्लास्टिकची चादर. ते आवाज अडवतं आणि त्याचं सगळं बळ वजनात. वजन दुप्पट केलं तर अडवणूक साधारण 6 डेसिबलने वाढते, तीही सलग पसरलं तरच. इंजिनचा घरघराट जमिनीतून आणि पुढच्या भिंतीतून येतो, तिथे त्याला तोड नाही. खाली क्लोज्ड-सेल (बंद छिद्रांचा, पाणी न धरणारा) फोम हवाच. साधा स्पंज पाणी धरतो आणि पत्रा गंजवतो. कापणं, बसवणं हे मात्र कंटाळवाणं काम, सीटसुद्धा काढाव्या लागतात.

एकच निवडायचं तर दार आणि छपराला ब्युटाइल, जमिनीला व्हिनाइल. (एकच म्हणता म्हणता दोन झाले, पण खरं उत्तर तेच आहे.) त्याआधी वायरिंग आणि पेडलभोवतीची भोकं, दाराची रबरं तपासा. फट उघडी असेल तर दोन्हींचा खर्च पाण्यात. दाराखालची पाणी निचऱ्याची छिद्रं मात्र बुजवू नका.