जीएलई ४५०डी: दहा महिने, १६,४०० किलोमीटर आणि मागची सीट

बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन २०२३ साली मुंबईत झालं. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी नाशिकहून तिथे तपासणीला जावं लागतं, आणि आमच्या जुन्या सेडानमधून तो प्रवास त्यांना नको व्हायचा. इगतपुरीला थांब, कसारा उतरला की थांब, पडघ्याला थांब. प्रत्येक ठिकाणी ते दार धरून उभे राहायचे, पाच मिनिटं कंबर सरळ करायचे आणि काही न बोलता परत आत बसायचे. मोठी गाडी घ्यायचं माझ्या मनाने तिथेच घेतलं. द्राक्ष निर्यातीला लागणारे खोके बनवायचं आमचं अंबडला छोटं युनिट आहे, दोन हंगाम बरे गेले होते, म्हणून हिंमत झाली.

तीन कंपन्यांच्या गाड्या चालवून पाहिल्या. प्रत्येक वेळी स्टिअरिंगवर मी आणि मागे बाबा. पसंती त्यांच्या पाठीने दिली: मर्सिडीज-बेंझची डिझेल एसयूव्ही, जीएलई ४५०डी. गेल्या अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिल २०२५ रोजी, गाडी घरी आली. म्हणून हा अनुभव लिहिताना सुरुवात मागच्या सीटपासूनच करतो.

भारतात ही गाडी लांब व्हीलबेसची मिळते, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये २,९९५ मिलिमीटर. ती सगळी लांबी मागे बसणाऱ्याच्या पायांना मिळते. सीटची पाठ बटणाने मागे कलते आणि बाबांना कुठल्या कोनात बरं वाटतं ते आम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत सापडलं. पूर्ण आडवं त्यांना चालत नाही. थोडंसं कलून, कंबरेच्या खोबणीत छोटी गुंडाळी केलेला टॉवेल ठेवला की ते इगतपुरीच्या आत डोळे मिटतात. जून महिन्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि आमचं गणितच बदललं. कसारा घाटाची वळणं गेली, त्या जागी जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आला. त्या महिन्यातल्या फेरीत आम्ही एकदाच थांबलो, तेही चहासाठी. दवाखान्याच्या ओळखीच्या पायऱ्यांशी मी सवयीने हात पुढे केला, तर बाबा कठडा धरून आपले आपण तीन पायऱ्या चढले होते. आई माझ्याकडे पाहून काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते पाहून गाडीच्या हप्त्याचं ओझं मला पुन्हा जाणवलं नाही.

आता किमतीचं सांगून टाकतो, कारण लोक पहिलं तेच विचारतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये हे नवं रूप आलं तेव्हा ४५०डीची शोरूम किंमत एक कोटीच्या वर होती. मी घेईपर्यंत ती आणखी चढली होती. वर महाराष्ट्रात वीस लाखांच्या पुढच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स, मग विमा. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर, जो जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के होता, तो ४० टक्क्यांवर आला. पाच महिने थांबलो असतो तर चांगली रक्कम वाचली असती. पण त्या पाच महिन्यांत बाबांच्या तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा खंत करत बसलो नाही.

इंजिनाबद्दल लिहायचा अधिकार खरं तर बाबांचा. ते मायकोत होते. सातपूरच्या त्या कंपनीला बॉश म्हणायला लागून बरीच वर्षं झाली, तरी नाशिककरांच्या तोंडी मायकोच आहे आणि चौकही मायको सर्कलच. बाबांचा जन्म गेला इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलमध्ये. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-चार मायक्रॉनची फट असते, माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. हे आकडे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होते.

गाडी आली त्या संध्याकाळी हळदकुंकू लावून झालं, नारळ फुटला आणि बाबा म्हणाले, "बॉनेट उघड." मी इंजिन चालू केलं. त्यांनी कान तिरका केला, मग उजवा तळवा बॉनेटखालच्या पट्टीवर टेकवला आणि तसाच ठेवला. "झाली का चालू?" झाली होती. ४८ व्होल्टची मोटर इंजिन फिरवून देते, त्यामुळे जुन्या डिझेलचा तो सुरुवातीचा हिसका येतच नाही. बाबांनी मला डाव्या हाताच्या बोटांनी समजावलं: सहा सिलिंडर एका रांगेत असले की पहिला-सहावा, दुसरा-पाचवा, तिसरा-चौथा अशा जोड्या बरोबर वर-खाली होतात आणि एकमेकांचे धक्के मारून टाकतात. चार सिलिंडरमध्ये थोडी थरथर उरतेच, इथे ती उरत नाही. आणि टकटक का नाही, तर मुख्य फवाऱ्याच्या आधी डिझेलचा एक अगदी बारीक फवारा सोडतात, त्यामुळे जळण एकदम भडकत नाही. "आमच्या वेळी पंप होता, लाइन होती, नोझल होतं. आता दोन हजार बारच्या वर दाब आहे," ते म्हणाले. टायरमध्ये आपण अडीच बारच्या आतबाहेर हवा भरतो, यावरून अंदाज घ्या.

तीन लिटर, ३६७ अश्वशक्ती, ७५० न्यूटन मीटर टॉर्क, नऊ गिअर. कागदावर हे आकडे वेगाचे वाटतात, पण मला त्यांचा उपयोग वेगळा होतो. सव्वादोन टनांच्या वरची गाडी, पाच माणसं आणि मागे सॅम्पलच्या खोक्यांची थप्पी असताना नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट चढतो, तेव्हा पाय कुठे दाबावा लागत नाही. ट्रकच्या मागे अडकलो तर मोकळा पट्टा दिसेपर्यंत निवांत थांबता येतं. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, मी क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, ११० वर लावतो. त्या वेगाला इंजिन इतकं शांत असतं की काँक्रीटवरचा टायरचा आवाजच जास्त ऐकू येतो.

ॲव्हरेज मी प्रत्येक टाकीला लिहून ठेवलंय. गंगापूर रोड ते अंबड रोजचं जाणं-येणं, द्वारका चौकाचा आणि मुंबई नाक्याचा खोळंबा धरून, लिटरला ९ ते १० किलोमीटर. समृद्धीवर ११० ला १४ च्या पुढे. पुणे रस्त्यावर १२ ते १३, चाकणमध्ये किती वेळ अडकलात त्यावर. चाकणला ही गाडी जोडली जाते, त्या कारखान्याच्या गावातून जाताना बाबा दर वेळी खिडकीची काच खाली करतात.

माझी दुसरी आवडती गोष्ट म्हणजे एअर सस्पेन्शन: गाडी स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी असते आणि हवी तेव्हा उंच करता येते. आमचे ग्राहक दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत भागातले. पॅकहाउसपर्यंत डांबरी आहे, पण बागायतदार बागेत बोलावतो आणि तिथे काळ्या मातीची शिवारवाट असते. जुलैत दिंडोरीकडच्या एका बागेत ठिबकच्या पाइपासाठी आडवी चारी खणलेली होती, पावसाने तिची कड ढासळलेली. मी गाडी उंच केली, ऑफरोड मोड लावला, स्क्रीनवर बॉनेटखालची जमीन आली. बॉनेट पारदर्शक असल्यासारखं दिसतं: पुढची दोन चाकं आणि मधली माती. चारीची कड डाव्या चाकाच्या एक वीतभर पलीकडे आहे हे पाहत पाहत, कासवाच्या चालीने गाडी पार झाली. बागायतदार बाहेर उभा राहून हाताने खुणा करत होता, नंतर आत येऊन त्याने ती स्क्रीन स्वतः पाहिली आणि म्हणाला, "दादा, हे ट्रॅक्टरला पाहिजे." मलाही ते पटलं.

मात्र ही गाडी हवेवर तरंगते असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. चाकं २० इंची आहेत. साठच्या वेगाला खड्डे गिळले जातात, पण वीस-पंचवीसला धारदार कडेचा खड्डा, चेंबरचं झाकण, पेव्हर ब्लॉकची उसवलेली रांग हे पाठीला कळतं. सध्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरात जागोजागी खोदलेलं आहे. बाबा बसले असतील तर मी थोडं लांबून, पण बरा रस्ता धरून जातो.

याच खड्ड्यांनी सप्टेंबरात एक टायर घेतला. एका रात्री पावसात पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, दणका बसला, पण हवा गेली नाही म्हणून मी विसरून गेलो. तीन दिवसांनी सकाळी गाडी पुसणाऱ्या मुलाने हाक मारली. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. आतले धागे तुटले की असं होतं, आणि तो टायर समृद्धीवर नेणं म्हणजे जिवाशी खेळ. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत एका आसावर एक नवा, एक झिजलेला टायर ठेवू नये, म्हणून पुढची जोडी बदलली. खर्च मोठा आला. तेव्हापासून मुंबईला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी टॉर्च घेऊन चारही टायर आतल्या बाजूनेही बघतो. खड्डा बसला असेल तर तुम्हीही बघा, हवा असली तरी बघा.

ज्यांच्या घरात आधीपासून जपानी किंवा कोरियन गाड्या आहेत त्यांनी पहिले पंधरा दिवस एक गोष्ट फार सांभाळावी. आपल्याला उजव्या हाताने इंडिकेटर द्यायची सवय असते. इथे उजवीकडची दांडी गिअरची आहे आणि इंडिकेटर, वायपर दोन्ही डाव्या दांडीवर. चौथ्या दिवशी मुंबई नाक्याला वळताना माझ्या हाताने सवयीने दांडी ओढली आणि गाडी न्यूट्रलला गेली. मागे बस होती. काही झालं नाही, पण अंगाला घाम फुटला. बायकोला आणि ड्रायव्हरला मी आधी सोसायटीच्या आवारात अर्धा-अर्धा तास फिरवलं, मगच चावी दिली.

डिझेल घेणाऱ्यांनी समजून घ्यायच्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या, सगळ्याच अशा डिझेल गाड्यांना लागू होतात.

पहिली, काजळीचा फिल्टर. धुरातली काजळी त्यात साठते आणि एक्झॉस्ट चांगला तापला की जळून जाते. रोज सात-आठ किलोमीटरची गर्दीतली फेरी असेल तर तो तापतच नाही. ऑगस्टमध्ये तीन आठवडे मी कुठे बाहेर गेलो नाही आणि गाडीच्या वागण्यात फरक जाणवायला लागला: सिग्नलला उभं असताना इंजिन थोडं वर फिरायचं, पंखा मोठा लागायचा, ॲव्हरेज उतरलं. बाबांनीच सांगितलं, "तिला पळव." रविवारी सिन्नरहून समृद्धीला लागलो, शिर्डीपर्यंत जाऊन दर्शन घेऊन आलो, सगळं पूर्ववत. तेव्हापासून महिन्यात दोन लांब फेऱ्या ठरलेल्या आहेत. तुमचं चालणं फक्त कॉलेज रोड ते गंगापूर रोड असेल तर पेट्रोल घ्या. हे मी मनापासून सांगतो.

दुसरी, ॲडब्लू. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया, वेगळ्या टाकीत भरायचा. तो धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचं साधा नायट्रोजन आणि पाणी करतो. युरिया म्हटलं की आमच्या बागायतदारांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मग गोणीतला चालतो का?" अजिबात चालत नाही. आपल्याकडे २०१५ पासून शेतीचा युरिया नीमकोटेड येतो. ते निंबोळीचं तेल आणि बाकी अशुद्धता आतल्या उत्प्रेरकाची वाट लावेल. सीलबंद डबाच घ्या. एका पंपावर मला अर्धा वापरलेला, झाकण उघडं असलेला कॅन दाखवला गेला. मी तसाच निघालो आणि दुसरीकडे घेतला.

बारीकसारीक: डॅशबोर्डच्या काळ्या चकचकीत भागावर धूळ लगेच दिसते. एका वॉशिंग सेंटरवर कोरड्या फडक्याने पुसून त्यावर रेघा पाडल्या, त्या आता जन्माच्या. आतलं आम्ही घरीच मऊ ओल्या कापडाने पुसतो. स्टिअरिंगवरच्या स्पर्शाच्या बटणांपेक्षा मला जुनी दाबायची बटणं जास्त आवडतात. डिकी ६३० लिटरची आहे, बाबांची घडीची व्हीलचेअर उभी मावते आणि शेजारी दोन बॅगा. आईला चढायला उंच पडते, तिच्यासाठी डिकीत छोटा स्टूल असतो. भद्रकाली, सराफ बाजार या भागात गाडी नेऊ नका. गाडी पाच मीटरला थोडीच कमी, रुंद आहे, आणि कॅमेरे कितीही असले तरी गल्ली रुंद होत नाही. आम्ही पंचवटीत लावून रिक्षाने जातो.

पुढच्या मंगळवारी पुन्हा तपासणी आहे. जाताना बोगद्यातून जाऊ. येताना मात्र जुन्या कसारा घाटाने यायचं, असं बाबांनी कालच सांगून ठेवलंय. बोगद्यात नुसता टायरचा आवाज येतो म्हणाले, चढावर सहा सिलिंडर कसे ओढतात ते त्यांना काच खाली करून ऐकायचंय.