हायर क्रिटिसिझम चाचणी: आठ महिने वापरल्यानंतर

गेले आठ महिने जीन एक्स्प्रेशनच्या (कोणता जीन किती सक्रिय आहे याच्या) डेटावर मी ही चाचणी वापरतोय. अनेक जीनांत मिळून काही खरा फरक दडला आहे का, एवढंच ती सांगते. आधी बोनफेरोनी, नाहीतर बेंजामिनी-हॉचबर्ग (अनेक चाचण्या एकदम केल्यावर योगायोगाचे निकाल गाळायच्या पद्धती), असंच चालायचं. जीन दहा हजार, नमुने जेमतेम साठ आणि रेषेपलीकडे एकही जीन नाही. ‘काही सापडलं नाही’ असं लिहून टाकायचो, पण रुखरुख राहायची.

मूळ कल्पना संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांची, १९७६ ची. २५० चाचण्यांपैकी ११ निकाल पाच टक्के पातळीवर लक्षणीय निघाले म्हणून हुरळून जाऊ नये. खरा फरक काहीच नसतानाही योगायोगाने सरासरी साडेबारा तसे निघतात. डेव्हिड डोनोहो आणि जियाशुन जिन यांनी २००४ मध्ये हीच तुलना एका पातळीवर न थांबवता अनेक पातळ्यांवर केली आणि योगायोगाच्या चढउताराच्या पटीत मोजलेला सर्वांत मोठा फरक हाच चाचणीचा आकडा धरला.

मी बनावट डेटावर ताडून पाहिलं. दहा हजारांपैकी २०० जीन फक्त दीड प्रमाण विचलनाने सरकवले. बोनफेरोनीची रेषा ४.४ प्रमाण विचलनांच्या आसपास, तिथवर सहसा एकही पोचत नाही. पण अडीचच्या वर मोजा: योगायोगाने ६२ अपेक्षित, हाती येतात साधारण ९३. योगायोगाचा चढउतार आठेक जीनांचा, म्हणजे ही वाढ त्याच्या जवळपास चौपट. एकट्याने कुणी उठून दिसत नाही, पण गर्दी वाढलेली कळते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता खोट. दहा हजारांत एकच पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका टोकाचा निकाल येण्याची शक्यता) ०.०००००१ निघाली, तर तिच्या एकटीच्या जोरावर आकडा ९.९ वर जातो. निव्वळ योगायोगाच्या शंभर डेटासेटमध्ये सरासरी एकदा असं होतं. म्हणून १/१०,००० पेक्षा लहान पी-व्हॅल्यू मी मोजणीतून वगळतो. पुस्तकी सूत्रावरही विसंबू नका: ते या आकाराला २.१ ची सीमा देतं, पण काही न वगळता चाचणी केली तर पाच टक्क्यांची खरी सीमा चारच्या वर असते. शिवाय जीन एकमेकांशी बांधलेले असतात. रुग्ण-निरोगी ही लेबलं हजारदा आपापसांत अदलाबदल करून सीमा काढा. जीनांमधलं नातं तसंच राहतं. वेळ लागतो, लागू द्या.

एकदा मात्र तेही कामी आलं नाही. आकडा ६.८, आम्ही सगळे खूश. मग नोंदवही उघडली: रुग्णांचे नमुने एका दिवशी, निरोगींचे दुसऱ्या दिवशी चालवलेले. चाचणीने फरक बरोबर पकडला होता, पण तो दिवसांचा असू शकत होता आणि वेगळा काढायला मार्गच नव्हता. तो निकाल आम्ही सोडून दिला.

कोणते जीन, हे ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी बेंजामिनी-हॉचबर्ग अजूनही लागतेच. पण पुढचे नमुने गोळा करायला पैसे मागायचे की नाही, हे मी आता हिच्यावरूनच ठरवतो, आणि तेही नोंदवहीतल्या तारखा पाहिल्यावरच.