ओळखपत्र तपासणारं अ‍ॅप : एक लग्नसराई वापरल्यावर

हिरवी टिक आली म्हणजे कार्ड खरं, अशा समजुतीने कुणी हे अ‍ॅप घेणार असेल तर थांबा. सांगलीत विश्रामबागला मी कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देतो. मिरज, तासगाव, पार जतपासून पोरं लग्नाच्या ऑर्डरीसाठी बॉडी नेतात. बुकिंग ऑनलाइन, त्यामुळे आधारही मोबाइलवरच येतं. डिपॉझिट थोडं आणि लेन्स लाखाची. कार्ड खोटं निघालं तर शोधायचं कुणाला?

गेल्या महिन्यात एका कार्डाला अ‍ॅपने हिरवी टिक दिली. सेल्फी जुळली, नंबर बरोबर. माझ्या सवयीप्रमाणे मी यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, फुकटच्या अ‍ॅपने क्यूआर स्कॅन केला, तर आतून भलत्याच माणसाचं नाव आणि फोटो निघाला. खऱ्या कार्डाचा क्यूआर तसाच ठेवून वरचा मजकूर बदलला होता. भाडं नाकारलं आणि कस्टमर केअरला फोन लावला. "सर, नंबर व्हॅलिड आहे," एवढंच पालुपद. अहो, आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने निघतो. असा 'बरोबर' नंबर छोटासा प्रोग्रॅमही बनवून देतो. पॅनचंही तेच : व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर पी, पाचवं आडनावाचं पहिलं, खोटं कार्ड बनवणाऱ्याला हे ठाऊक नसेल का?

खरी परीक्षा क्यूआरची. 2018 मध्ये आलेल्या नव्या क्यूआरमध्ये नाव, पत्ता, फोटो असतो आणि त्यावर यूआयडीएआयची डिजिटल सही. आतलं एक अक्षर हललं तरी सही जुळत नाही. त्याआधीच्या क्यूआरला सहीच नाही. म्हणून जुनं कार्ड आलं की मी नवं ई-आधार मागतो. डाउनलोड फुकट आहे, आणि मास्क्ड, म्हणजे नंबरचे पहिले आठ आकडे झाकलेलं, असलं तरी चालतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला क्यूआर बऱ्याचदा अंधुक होतो, डॉक्युमेंट म्हणूनच मागवा.

इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात अपडेट आलं. आता अ‍ॅप सही तपासतं, हे मान्य. पण क्यूआर एकाचा आणि छापलेलं नाव दुसऱ्याचं असलं तरी टिक हिरवीच! सेल्फी जुळवायची ती क्यूआरमधल्या फोटोशी, छापलेल्या फोटोशी नव्हे. एवढं साधं काम करत नाही आणि प्रत्येक तपासणीचे पैसे मात्र कापतं, फोटो अंधुक म्हणून तपासणी फसली तरीही. याचा मला मनस्वी राग आहे.

सेल्फीचं काम मात्र चोख. डोळे मिचकावा, मान वळवा म्हणतं. एकाने दुसऱ्या फोनवरचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला होता, जागच्या जागी पकडला.

वार्षिक प्लॅन मी घेणार नाही. सेल्फीपुरतं महिन्याचं रिचार्ज, आधारला सरकारी स्कॅनर. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, तोवर क्यूआरमधला फोटो जुळवायला लागले तर वर्षाचं बघू.